मुदत संपलेला पासपोर्ट आणि जन्मदेशाची वाट : एका प्रश्नाचा आढावा

दोन देशांशी कायदेशीर नाते असलेली व्यक्ती जन्मदेशात परतते आणि त्या देशाचा तिच्याजवळचा पासपोर्ट मुदत संपलेला असतो, तेव्हा तिला नागरिक म्हणून आत घ्यायचे, परदेशी म्हणून व्हिसा मागायचा की विमानतळावरूनच परत पाठवायचे, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसत असला तरी त्यावर गेली साठ-सत्तर वर्षे न्यायालये, मंत्रालये आणि स्थलांतरित कुटुंबे वाद घालीत आली आहेत. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. भारतीय पासपोर्टच्या पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. त्याच पुस्तिका घेऊन निफाड, दिंडोरी, सिन्नर परिसरातील मुले-मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, कॅनडात व ऑस्ट्रेलियात जातात, काही वर्षांनी तिथले नागरिकत्व घेतात आणि वडिलोपार्जित द्राक्षबागेची वारसनोंद करायला किंवा त्र्यंबकेश्वरी विधी करायला परत येतात, तेव्हा कपाटातल्या जुन्या निळ्या पुस्तिकेचे काय करायचे हा पेच त्यांच्यापुढे उभा राहतो.

या चर्चेत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. पासपोर्ट हा प्रवासाचा दस्तऐवज आहे आणि तो नागरिकत्वाचा पुरावाही मानला जातो. मुदत संपल्याने पहिले काम थांबते. दुसऱ्या कामाशी मुदतीचा थेट संबंध नसतो, कारण पुस्तिकेवरची तारीख उलटली म्हणून कोणी नागरिक राहत नाही असे होत नाही आणि तारीख उलटली नाही म्हणून कोणी नागरिक राहतोच असेही नाही. भारतीय कायद्याने या दोन कामांची जी विभागणी केली आहे ती एकतर्फी आहे, आणि प्रस्तुत आढाव्याचा बराचसा भाग या एकतर्फीपणाभोवती फिरतो.

पार्श्वभूमी : एकल नागरिकत्वाची घडण

संविधान सभेत नागरिकत्वाच्या कलमांवर ऑगस्ट १९४९ मध्ये चर्चा झाली, तेव्हा मसुदा समितीला ज्या कलमांनी सर्वाधिक त्रास दिला त्यांत याची गणना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच केली होती. फाळणीमुळे लाखो माणसे सीमा ओलांडत असताना कोण कोणाचा नागरिक हे ठरवणे ही तेव्हाची निकड होती आणि अनुच्छेद ५ ते ९ तिच्याच छायेत लिहिले गेले. स्वेच्छेने परकीय राज्याचे नागरिकत्व घेणाऱ्याला भारताचे नागरिक मानले जाणार नाही, असे अनुच्छेद ९ सांगतो. पुढे नागरिकत्व अधिनियम, १९५५ ने हेच तत्त्व कायम केले. त्याच्या कलम ८ मध्ये परित्याग, म्हणजे नागरिकाने स्वतः घोषणा करून नागरिकत्व सोडणे, आणि कलम ९ मध्ये समाप्ती, म्हणजे परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेताच कायद्याने आपोआप भारतीय नागरिकत्व संपणे, अशा दोन वाटा सांगितल्या आहेत.

या दोन वाटांतील फरक दीर्घकाळ कागदोपत्री वाटत होता. ऑक्टोबर २०२४ मधील एका निकालात मात्र सर्वोच्च न्यायालयाने त्याला ठोस परिणाम दिला. परित्याग करणाऱ्यांच्या मुलांना प्रौढ झाल्यावर नागरिकत्व परत मिळवण्याची जी सोय कलम ८ मध्ये आहे, ती ज्यांच्या आई-वडिलांचे नागरिकत्व कलम ९ खाली आपोआप संपले त्यांना मिळणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. परदेशात गेलेले बहुसंख्य लोक कोणतीही घोषणा न करता थेट तिथले नागरिकत्व घेतात, त्यामुळे त्यांची मुले दुसऱ्याच गटात मोडतात.

पासपोर्ट पुरावा कोणत्या दिशेने?

नागरिकत्व नियम, १९५६ च्या तिसऱ्या अनुसूचीत असा नियम होता की भारतीय नागरिकाने परदेशाचा पासपोर्ट मिळवला असेल तर त्याने ते नागरिकत्व स्वेच्छेने घेतले, याचा तो निर्णायक पुरावा मानला जाईल. निर्णायक पुरावा म्हणजे ज्याच्याविरुद्ध दुसरा पुरावा ऐकला जात नाही असा पुरावा. फाळणीनंतर पाकिस्तानी पासपोर्टवर भारतात परतलेल्यांच्या अनेक खटल्यांत हा नियम निर्णायक ठरला. इझहार अहमद खान विरुद्ध भारत सरकार या १९६२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. बहुमताचा निकाल न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांचा होता आणि हा नियम नागरिकत्वाचा मूळ हक्क हिरावत नसून पुराव्याची एक रीत घालून देतो, अशी त्यामागची भूमिका होती. पासपोर्ट मागताना अर्जदाराने आपण त्या देशाचे नागरिक आहोत असे जाहीर केलेले असते, हा त्या भूमिकेचा आधार होता. १९६५ मध्ये मोहम्मद अयूब खान विरुद्ध मद्रास पोलिस आयुक्त या खटल्यात न्यायालयाने एक फट मात्र ठेवली : पासपोर्ट बळजबरीने घ्यावा लागला असे सांगणाऱ्याला ते सिद्ध करण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे.

उलट दिशेला हे चालत नाही. भारतीय पासपोर्ट हातात असणे हा भारतीय नागरिक असल्याचा निर्णायक पुरावा नाही; पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम २० खाली तर सार्वजनिक हितासाठी नागरिक नसलेल्यालाही पासपोर्ट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र यांमुळे कोणी नागरिक ठरत नाही असे स्पष्ट केले, तेही याच धारणेला धरून होते. परिणामी परदेशी पासपोर्ट नागरिकत्व संपल्याचे जवळजवळ अंतिमपणे सांगतो, आणि भारतीय पासपोर्ट, चालू असो वा मुदतबाह्य, नागरिकत्व टिकल्याचे तितक्या ठामपणे सांगत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की अमेरिकी नागरिकत्वाची शपथ घेतलेल्या दिवशी भारतीय पासपोर्टवर सहा वर्षांची मुदत शिल्लक असली तरी ती पुस्तिका त्या दिवसापासून निरर्थक होते, आणि तिच्या आधारे केलेला प्रवास हा गुन्हा किंवा दंडाचा विषय ठरतो. लोकांच्या मनात नेमका उलटा हिशेब असतो. शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावे, नाशिकचा पत्ता आणि आधीच्या पासपोर्टचा क्रमांक छापलेला असतो. असा दस्तऐवज कोणाच्याही मनाला ओळखीचा पुरावाच वाटणार.

मधला मार्ग : पीआयओ ते ओसीआय

परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना जन्मदेशी सहज येता यावे म्हणून १९९९ मध्ये भारतीय वंशाच्या व्यक्तींसाठीचे पीआयओ कार्ड सुरू झाले. डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीचा अहवाल जानेवारी २००२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिने मर्यादित स्वरूपात दुहेरी नागरिकत्वाचा विचार व्हावा असे सुचवले. २००३ आणि २००५ च्या दुरुस्त्यांनी ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ ही व्यवस्था आली. हा खरा नागरिकत्वाचा दर्जा नाही. तो म्हणजे आजन्म, अनेक प्रवेशांचा व्हिसा आणि त्याबरोबरच्या काही सवलती आहेत. ओसीआयधारकाला मतदानाचा हक्क नाही, घटनात्मक पदे भूषवता येत नाहीत आणि शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेता येत नाही. ९ जानेवारी २०१५ पासून पीआयओ कार्ड ओसीआयमध्ये विलीन झाले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात ‘ओसीआय कार्डधारक’ हा शब्दप्रयोग आला.

मुदत संपलेला पासपोर्ट या विषयाशी ओसीआयचा संबंध फार थेट आहे. सुरुवातीच्या काळात ओसीआय पुस्तिकेबरोबर ‘यू’ व्हिसाचा एक स्टिकर परदेशी पासपोर्टमध्ये चिकटवला जाई. तो पासपोर्ट दहा वर्षांनी संपला की नवीन पासपोर्टमध्ये स्टिकर नसे आणि ओसीआय पुस्तिकेवर जुनाच क्रमांक असे; म्हणून प्रवाशाला नवीन चालू पासपोर्ट, स्टिकर असलेला मुदतबाह्य पासपोर्ट आणि ओसीआय पुस्तिका असे तिन्ही बरोबर ठेवावे लागे. वीस वर्षांपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टबरोबर आणि पन्नाशीनंतर एकदा ओसीआय पुन्हा काढावे, असाही नियम होता, पण तो फार थोड्यांना ठाऊक होता. डिसेंबर २०१९ च्या सुट्ट्यांत जुना पासपोर्ट बरोबर नाही या कारणाने परदेशातील विमानतळांवर अनेक कुटुंबांना अडवल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारने तात्पुरती सूट जाहीर केली. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये हा भाग कायमचा सुधारला : जुना पासपोर्ट बाळगण्याची अट गेली, आणि पुन्हा कार्ड काढण्याचा प्रसंग फक्त वीस वर्षे पूर्ण झाल्यावर, एकदाच, राहिला, इतर बदल संकेतस्थळावर नोंदवायचे असतात. या संपूर्ण प्रकरणात राज्याने मागे पाऊल घेतले, हे नोंद घेण्याजोगे आहे. कारण नागरिकत्वाच्या मूळ प्रश्नावर मात्र असे मागे पाऊल दिसत नाही.

ओसीआय मिळवण्यासाठी आधी भारतीय पासपोर्ट जमा करून ‘सरेंडर सर्टिफिकेट’ घ्यावे लागते, आणि ही अट २०१० पासून काटेकोर झाली. जमा केलेली पुस्तिका रद्दचा शिक्का मारून परत मिळते. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये १,६३,३७०, २०२२ मध्ये २,२५,६२० आणि २०२३ मध्ये २,१६,२१९ व्यक्तींनी भारतीय नागरिकत्व सोडले. पासपोर्ट दशकांपूर्वीच संपला, हरवला किंवा टाकून दिला, अशांना तो जमा करता येत नाही, म्हणून प्रतिज्ञापत्राची वाट ठेवावी लागते. मुदत संपली म्हणून जमा करण्याची जबाबदारी संपत नाही, हे कित्येकांना अर्ज भरतानाच कळते.

गोवा : एकाच वेळी दोन्ही

महाराष्ट्राच्या शेजारी या प्रश्नाचे सर्वांत गुंतागुंतीचे रूप गोव्यात दिसते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या गोवा, दमण व दीव नागरिकत्व आदेशाने २० डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेली, किंवा जिचे आई-वडील वा आजी-आजोबा तिथे जन्मलेले, अशी व्यक्ती भारतीय नागरिक मानली गेली, मात्र एक महिन्यात आपले आधीचे नागरिकत्व राखण्याची घोषणा करण्याची मुभा होती. ज्यांनी ती घोषणा केली ते परदेशी ठरले. फादर मोंतेरो यांच्या १९६९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले.

पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, तरी तिथल्या कायद्याने मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना लिस्बनच्या मध्यवर्ती जन्मनोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करण्याची वाट खुली ठेवली. हजारो गोवेकरांनी ती धरली, विशेषतः ब्रिटन युरोपीय संघात असताना तिथे काम मिळवण्यासाठी. मग प्रश्न असा उभा राहिला की लिस्बनमधील जन्मनोंद हीच नागरिकत्वाची प्राप्ती, की पोर्तुगीज ओळखपत्र वा पासपोर्ट काढणे ही प्राप्ती? भारतीय प्रशासनाचा कल पहिल्या उत्तराकडे राहिला आहे. त्यामुळे नोंदीची तारीख हीच नागरिकत्व संपल्याची तारीख धरली जाते, आणि त्या तारखेनंतर भारतीय पासपोर्ट वापरणाऱ्याने माहिती दडवली असे मानून तो पासपोर्ट रद्द केला जातो. रद्द करणे आणि जमा करणे यांत फरक आहे : रद्द झालेल्याला सरेंडर सर्टिफिकेट मिळत नाही, सर्टिफिकेट नाही तर ओसीआय नाही, आणि ओसीआय नाही तर मडगावात जन्मलेला माणूस मडगावात साध्या पर्यटन व्हिसावर येतो. २०२२ च्या अखेरीपासून अशी प्रकरणे वाढली. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने रद्द केल्याचे प्रमाणपत्र पर्याय म्हणून ग्राह्य धरण्याची वाट दाखवली. कार्यालयीन निवेदनाने दिलेली सवलत निवेदनानेच काढता येते, आणि तिचा कायद्यात आधार नाही, ही टीका म्हणूनच गंभीरपणे घ्यावी लागते. २०१२ च्या विधानसभा निवडणुकीनंतर गोव्यातील दोन आमदारांच्या लिस्बनमधील जन्मनोंदीवरूनही हाच वाद उभा राहिला होता.

दुसऱ्या देशांची रीत

अन्य देशांचा विचार केला तर एक समान कल दिसतो. अमेरिकेच्या कायद्यानुसार तिच्या नागरिकाने अमेरिकी पासपोर्टवरच देशात यावे व जावे. मात्र कोविडच्या काळात कचेऱ्या तुंबल्या तेव्हा २०२१ च्या मे महिन्यापासून ३१ मार्च २०२२ पर्यंत अलीकडे मुदत संपलेल्या पासपोर्टवर घरी परतण्याची मुभा दिली गेली. कॅनडाने नोव्हेंबर २०१६ पासून दुहेरी नागरिकांना विमानाने येताना चालू कॅनेडियन पासपोर्ट सक्तीचा केला. ब्रिटनने २५ फेब्रुवारी २०२६ पासून दुहेरी ब्रिटिश नागरिकांना ब्रिटिश पासपोर्ट किंवा हक्काचे प्रमाणपत्र दाखवायला लावले आहे. दक्षिण आफ्रिकेत दुहेरी नागरिकाने परदेशी म्हणून ये-जा करणे गुन्हा आहे, पण तिथल्या घटनात्मक न्यायालयाने मे २०२५ मध्ये परकीय नागरिकत्व घेताच नागरिकत्व आपोआप गमावण्याची तरतूद अवैध ठरवली. भारतातील कलम ९ शी हिची तुलना नैसर्गिक आहे, जरी दोन्ही देशांचा इतिहास फार वेगळा असला तरी.

या सगळ्या देशांत तपासणीचे काम विमान कंपनीच्या खिडकीवर आले आहे. भारतात २००० च्या कायद्याने योग्य कागदांशिवाय प्रवासी आणणाऱ्या वाहकावर एक लाख रुपयांचा दंड ठेवला होता. तो कायदा, १९२० चा पासपोर्ट प्रवेश कायदा आणि १९४६ चा परदेशी व्यक्ती कायदा हे सगळे १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या स्थलांतर व परदेशी व्यक्ती अधिनियमात सामावले गेले. वैध पासपोर्ट वा व्हिसाशिवाय प्रवेशासाठी तिथे पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ज्याचा भारतीय पासपोर्ट संपला पण जो अद्याप भारतीय नागरिकच आहे, त्याला वाणिज्य दूतावासाकडून एकेरी प्रवासाचे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळू शकते. नागरिकत्व संपलेल्याला ते मिळत नाही.

इस्रायलमधील बेने इस्रायली मराठी समाजही इथे आठवावा. अलिबाग-पेण परिसरातून १९४८ नंतर गेलेल्या या समाजात मराठी नियतकालिक ‘मायबोली’ निघत आले आहे. इस्रायली सैन्यात सक्तीची सेवा झालेल्यांना ओसीआय मिळत नसे. २०१७ मध्ये पंतप्रधानांनी तेल अवीव येथे ही अडचण दूर करण्याची घोषणा केली. मॉरिशसमधील मराठी भाषकांसह सर्व भारतीय वंशाच्या लोकांसाठी २०२४ मध्ये सातव्या पिढीपर्यंत ओसीआयची मुभा जाहीर झाली. हे निर्णय उदार आहेत, पण देशानुसार बदलणारे आहेत, आणि पासपोर्ट कधी संपला याच्याशी त्यांचे देणेघेणे नाही.

भूमिका

पहिली भूमिका एकल नागरिकत्वाची. निष्ठा एकाच राज्याशी असावी, मतदान आणि संरक्षण यांसारख्या बाबींत दुहेरीपण नको, आणि ओसीआयने बहुतेक व्यावहारिक गरजा भागतात, असे तिचे समर्थक म्हणतात. फाळणीचा अनुभव आणि ईशान्येतील तणाव यांमुळे ही भूमिका केवळ भावनिक राहत नाही, हे विरोधकांनाही मान्य करावे लागते.

दुसरी भूमिका सिंघवी समितीच्या वाटेने जाणारी, म्हणजे परस्परतेच्या आधारे, ठराविक देशांपुरते दुहेरी नागरिकत्व द्यावे ही. ओसीआय सरकारी अधिसूचनेने आकुंचित करता येते, हा या भूमिकेचा मुख्य मुद्दा. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने वैद्यकीय प्रवेशांतील ओसीआय विद्यार्थ्यांचे स्थान बदलले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तो बदल पूर्वलक्षी प्रभावाने लावता येणार नाही असे ठरवले, परंतु पुढच्या काळासाठी सरकारचा अधिकार कायम ठेवला.

तिसरी भूमिका आंतरराष्ट्रीय कायद्याची. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील अनुच्छेद १२ (४) स्वतःच्या देशात येण्याचा हक्क मनमानीने हिरावू नये असे सांगतो, आणि मानवी हक्क समितीच्या १९९९ च्या भाष्यानुसार ‘स्वतःचा देश’ ही संज्ञा नागरिकत्वापुरती मर्यादित नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या निस्ट्रॉम प्रकरणात समितीने ती बरीच पुढे नेली. भारताने १९७९ मध्ये हा करार स्वीकारला, पण परदेशी व्यक्तींच्या हकालपट्टीबद्दल स्वतःच्या कायद्याचा हक्क राखून ठेवला आहे, आणि १९९१ च्या लुई दे रेत खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी व्यक्तीला भारतात राहण्याचा मूलभूत हक्क नाही असे म्हटले आहे. त्यामुळे ही भूमिका भारतीय न्यायालयात पटकन पाय रोवेल असे दिसत नाही.

काय अनुत्तरित आहे

नागरिकत्व नेमके कोणत्या तारखेला संपले हा प्रश्न आजही सर्वांत तापदायक आहे. समजा, निफाड तालुक्यातील एका कुटुंबातील मुलगा परदेशी नागरिक झाल्यावरही त्याचा चालू भारतीय पासपोर्ट पाहून त्याच्या नावे द्राक्षबागेचा तुकडा खरेदी केला गेला. सातबारावर फेरफार मंजूर झाला, आणि पुढे नागरिकत्व आधीच संपल्याचे उघड झाले, तर परकीय चलन कायद्याखालील नियमांनुसार तो व्यवहार अडचणीत येतो. वारसाने आलेली जमीन मात्र तो ठेवू शकतो, आणि विकायची असल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकू शकतो. तलाठ्याच्या आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पासपोर्ट हा पुरावा मानला जातो, म्हणून ज्या पुस्तिकेचे नागरिकत्वाच्या बाबतीत वजन कमी आहे असे न्यायालये म्हणतात, तिच्यावर जमिनीचे व्यवहार उभे राहतात.

अल्पवयीनांचा प्रश्न आणखी अवघड आहे. परदेशी जन्मलेल्या, वंशाने भारतीय नागरिक ठरलेल्या मुलाला कलम ४ च्या उपकलम (१अ) प्रमाणे प्रौढ झाल्यापासून सहा महिन्यांत दुसरे नागरिकत्व सोडावे लागते, अन्यथा भारतीय नागरिकत्व संपते. त्याआधी, ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांसाठी, वकिलातीत एक वर्षात जन्मनोंद आणि त्या बालकाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे पालकांचे प्रतिज्ञापत्र आवश्यक असते. अमेरिकेत जन्मलेले आणि नंतर नाशिकच्या शाळेत शिकणारे मूल एका बाजूला जन्मस्थानामुळे अमेरिकी असते, दुसऱ्या बाजूला आजी-आजोबांच्या घरात वाढते, आणि त्याचा अमेरिकी पासपोर्ट पाच वर्षांनी संपतो. तो वेळेत नवीन न काढल्यास जन्मदेशी जाण्याची वाट बंद होते, काढल्यास भारतीय नागरिकत्वाचा दावा दुबळा होतो. सहा महिन्यांची ती मुदत सुरू झाल्याची सूचना त्या मुलाला कोणतीही यंत्रणा पाठवत नाही. वयाची अठरा वर्षे पूर्ण होतात त्या दिवसापासून ती कायद्यानेच मोजली जाऊ लागते.